भाड्याच्या बैलांची खांदेमळणी

खोली बघायला गेलो तेव्हा आक्कांनी माझं आधार कार्ड बघितलं नाही, कंपनीचं पत्र बघितलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. जवळ आल्या, शर्टाची कॉलर मागनं खाली ओढली आणि मानेवर अंगठा असा दाबला, की मी 'आयायाई' करत खालीच बसलो.

"सुजलाय," त्या म्हणाल्या. "किती तास वढतुयास?"

मला वाटलं कामाचं विचारतायत. म्हटलं, "आठ तासांची शिफ्ट असती. दूध डेअरीत, पॅकिंगला."

"शिफ्टचं कोण इचारतंय? त्या खिशातल्याचं इचारलं."

नेमकं तेव्हाच खिशातलं टुंग वाजलं आणि माझा हात तिकडं गेला. मी नेला नाही, आपला आपण गेला. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "कासरा वढला की कशी मान फिरली बग! सात नंबरची खोली रिकामी हाय. राहायचं तर राहा."

पुढं कळलं की ही त्यांची रीतच होती. बाजारात बैल घेताना माणूस आधी दात बघतो, मग चाल, मग खांदा. भाडेकरू घेताना आक्का थेट खांद्यावर यायच्या, दाताशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बारामती एमआयडीसीच्या कडेला त्यांचं रान होतं. बरंचसं एमआयडीसीत गेलं. उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या मालकांनी पत्र्याच्या दहा खोल्या एका ओळीत बांधल्या, आणि खोल्यांना रंग द्यायच्या आत ते गेले. खोल्यांसमोर अंगण, अंगणापलीकडं गोठा, गोठ्यात दोन बैल. एकाचं नाव तलाठी, दुसऱ्याचं सर्कल. अशी नावं का ठेवली, तर म्हणे दोघंही खाल्ल्याबिगर हालत न्हाईत. उरलेलं रान नांगरायला ट्रॅक्टर यायचा, त्यामुळं बैलांना काम असं काहीच नव्हतं.

"मग ठेवलेत कशाला?" मी एकदा आगाऊपणा केला.

"तुमाला ठेवलंयच की," आक्का म्हणाल्या. "तुमचा तरी काय उपेग हाय?"

आम्हा दहा जणांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. "ए तीन नंबर, कपडे पडलं बग तारंवरनं." "नऊ नंबर, लेका आंघोळ कर, बैलं नाक मुरडाय लागली." मी सात नंबर. माझ्या शेजारचा आठ नंबर वेल्डर होता. तो चालताना, जेवताना आणि खरं सांगतो, आंघोळीच्या बादलीवरसुद्धा फोन उभा करून ठेवायचा. मी त्याला हसायचो, पण मी तरी कुठं धुतल्या तांदळाचा होतो? नरसिंहपूरहून आईचा रोज फोन यायचा आणि मी तो कापायचो. का, तर मी फोन बघत असायचो.

एकदा आक्कांनी पकडलं. मी उंबऱ्यावर बसलेलो, आईचा कॉल आला, मी तांबडं बटण दाबलं आणि पुन्हा कुणातरी अनोळखी बाईचं गाजर किसणं बघायला लागलो.

"कुणाचा हुता?"

"आईचा. नंतर करतो. आत्ता फोनवर आहे."

"कुणाशी बोलतुयास?"

"बोलत नाही आक्का. बघतोय."

आक्कांनी हातातलं वैरणीचं ओझं खाली टाकलं. "बोलायच्या डबड्यात बगत बसलाय, आन बोलाय आईनं हाक मारली तर तिचाच गळा दाबतोय! लाव तिला. माझ्यासमोर लाव." मी लावला. आई घाबरली, म्हणाली, "काय झालं रं? तू आपणहून फोन केलास?" आक्का तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेव्हापासून त्यांनी आमच्या दहा जणांवर कायदा लावला. संध्याकाळी तलाठी आणि सर्कल वैरण खायला लागले की सगळ्यांनी आपापला फोन शेजारच्या रिकाम्या गव्हाणीत ठेवायचा आणि बैलांची वैरण होईस्तोवर अंगणात बसायचं. काय करायचं? "काय बी करा. भांडा. एकमेकाच्या उवा काढा." पहिले काही दिवस आम्ही दहाही जण देवळाबाहेर चपला सांभाळत बसल्यासारखे गव्हाणीकडं तोंड करून बसायचो. कुणाचा तरी वाजला की दहा हात दहा खिशांवर जायचे, आणि आक्का हसून हसून खोकायच्या.

बैलांनाही त्याची गंमत वाटत असावी. एकदा तलाठ्यानं दावं ताणून मान लांब केली आणि गव्हाणीत सगळ्यात वर असलेला फोन जिभेनं चाटला. तो माझाच होता, आणि मी शहाण्यानं तो उघडाच ठेवलेला. आमच्या सुपरवायझरनं साखरपुड्याचे फोटो टाकले होते. तलाठ्याच्या जिभेनं त्यातल्या एका फोटोखाली रागानं लाल झालेलं तोंड उमटलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. "काय रे, माझी होणारी बायको तुला पसंत नाही का?"

"सर, ते बैलानं केलं."

"बैलानं?"

"आमच्या तलाठ्यानं, सर."

पुढचा महिनाभर मला शीतगृहात काम होतं. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "तलाठ्याची सही झाली म्हंजी आता काय बदलत न्हाय बाबा."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला दुसरा उद्योग नव्हता. मलाही तसंच वाटायचं. पण या सगळ्यामागं तिचं एक दुखणं होतं आणि ते पोळ्याला कळलं.

आक्कांना एकच मुलगा. पुण्यात मोठ्या कंपनीत इंजिनेर. आक्का त्याला 'आमचा इंजिनेर' म्हणायच्या, समोर असला तरी. तो वर्षातनं एकदा, पोळ्याला, घरी यायचा. मी राहायला गेलो त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आक्कांनी बैल धुऊन आणले आणि वाटीत लोणी घेऊन त्यात हळद कालवली. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा रगडलेला असतो, त्याला हळद-लोणी चोळायचं, आणि चोळताना बैलाला जेवायचं आवतण द्यायचं. आक्कांनी तलाठ्याचा खांदा मळला, सर्कलचा मळला, दोघांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग वाटीत उरलेल्या लोण्याकडं बघितलं आणि आमच्याकडं वळल्या.

"चला. लाइनीत या. एक नंबरपासनं."

"आम्ही कशाला?" आठ नंबर म्हणाला.

"जुवाखाली कोण हाय? फोन का तू? ज्याची मान वाकली त्यो बैल. ये हिकडं."

दहा जणांच्या मानांना हळद-लोणी चोळलं हो त्या बाईनं! हाताला असा जोर की आठ नंबर डोळे मिटून गप उभा राहिला. त्याला कुणी असं हात लावून किती वर्षं झाली होती कोण जाणे. प्रत्येकाच्या कानाशी तेच. "आज आवतण घे, उद्या जेवायला ये." मी रात्रपाळीला तसाच गेलो. डेअरीच्या गेटवर वॉचमननं नाक वर केलं आणि मला थांबवलं. "लोणी?" लोक लोणी बाहेर नेताना सापडतात, मी आत नेताना सापडलो. 'बैलांबरोबर माझीही खांदेमळणी झाली' असं मी लिहून दिलं, तो कागद म्हणे अजून ऑफिसात लावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी इंजिनेर आला. स्वभावानं गरीब माणूस. पण आल्यापासनं कानाला एक, हातात एक. आक्का पाणी घेऊन गेल्या, "एक मिनिट आई." आक्का पोळी घेऊन गेल्या, "एक मिनिट आई." खांद्याला लोणी लावायला गेल्या, तर "आई, शर्ट खराब होईल." पुरणपोळीच्या ताटावर त्यानं डावा हात फोनवर आणि उजवा पोळीवर ठेवला. दुधात बुडवायची पोळी पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि तशीच खाल्ली. कळलंसुद्धा नाही. आम्ही दहा जण पंगतीत होतो, एकहीजण हसला नाही.

तो गेल्यावर आक्का गव्हाणीच्या काठावर बसल्या. "दिवसभरात एकदा बगितलं माज्याकडं," त्या म्हणाल्या. "ते बी फोटू काढाय." जरा वेळानं म्हणाल्या, "मला त्याचं काय नगं रं. त्याचा पैसा नगं. एक जेवाण पायजे. पयल्या घासापासनं हात धुईपत्तुर, मान वर. पोळ्याचं एकच जेवाण."

"मग आमच्यामागं का लागता?" मी विचारलं.

"भाड्याच्या बैलांवर औषीद बगायचं, लागू पडलं तर घरच्याला पाजायचं," आक्का म्हणाल्या आणि पदर खोचून भांड्यांना गेल्या.

म्हणजे आमचा संध्याकाळचा तास, ती गव्हाण, ते लोणी, सगळी पुढच्या पोळ्याची तयारी होती. हे कळल्यावर तरी आम्ही शहाण्यासारखं वागायचं की नाही? पण नाही. आम्ही काय केलं ते सांगतो, आणि सांगताना मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी पोळ्याला महिना-सव्वा महिना असताना पुण्याहून पार्सल आलं. आत नवा कोरा फोन. इंजिनेरनं मला कॉल करून सांगितलं, "आईला जरा शिकवा. या वेळी पोळ्याला सुट्टी नाही मिळणार. खांदेमळणी व्हिडिओ कॉलवर दाखव म्हणावं, मी बघेन." आक्कांनी ते पार्सल पिशवीत घालून दोन दिवस खुंटीला टांगलं. जाता-येता त्याच्याकडं अशा बघायच्या, जसं नावडत्या सुनेकडं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "सात नंबर. शिकव. फकस्त त्याचा फोन घ्यायचं शिकव."

ते शिकवायला दहा मिनिटं लागली. तिथं थांबलो असतो तर हे सांगायची वेळ आली नसती. पण आठ नंबरनं मला डोळा मारला. रात्री तो म्हणाला होता, म्हातारीला एकदा गोडी लावून दे, आपला संध्याकाळचा तास सुटतोय बघ. मी म्हटलं, "आक्का, बैलगाड्याच्या शर्यती बघणार?"

"कुठं?"

"हितंच."

धुरळा उडवत दोन बैल सुटले. आक्का खाटेवर सरकून बसल्या. "आगाआई! खांदा बग त्याचा! परत लाव."

"परत लावायची गरज नाही. अंगठ्यानं वर सारा, दुसरा येतो."

"आन त्याच्यानंतर?"

"तिसरा."

"संपत्यात कवा?"

मी तेवढं मात्र सांगितलं नाही.

पहिला आठवडा स्वर्ग होता. गव्हाण रिकामी, आक्कांची काठी कोपऱ्यात, आम्ही आपापल्या खोलीत आपापल्या उजेडात. आठ नंबरनं मला भेळ खायला घातली. दुसऱ्या आठवड्यात टाकी भरून वाहायला लागली, कारण मोटर बंद करायला आक्का उठल्याच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात टाकीत पाणीच नाही, कारण मोटर चालू करायलाही त्या उठल्या नाहीत. सकाळी पत्र्यावर काठी वाजवून दहाही खोल्यांना उठवणारं कुणी नव्हतं. मी पहिल्या पाळीला लागोपाठ तीनदा उशिरा पोचलो. नऊ नंबर खरोखर आंघोळ करेना. एका संध्याकाळी आईचा फोन आला, मी कापला आणि सवयीनं वर बघितलं. कुणाचा हुता, असं कुणी विचारलं नाही. आक्का समोरच खाटेवर होत्या, हनुवटी छातीला लागलेली, तोंडावर निळा उजेड. मला एकदम फार वाईट वाटलं. मी उठून आईला फोन लावला.

"आक्का, किती बघताय?" मी न राहवून विचारलं.

"मी कुठं बगतीय? मी त्याच्या फोनची वाट बगतीय." अंगठा मात्र थांबला नव्हता. "कवा वाजंल सांगता येतंय व्हय? गेल्या हप्त्यात दुपारी वाजला, मी वैरणीला गेलेली. 'आई, तू उचलला न्हाईस' म्हणला. मग तीन दिस न्हाय वाजला. लाईट कवा यील कळत न्हाय म्हणून मानूस रानात मोटरंपाशी बसून ऱ्हातो का न्हाय? तसं हाय ते. नुसतं बसून डोळं मिटत्यात, म्हणून ह्ये आपलं शर्यती."

मी आठ नंबरकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. आम्ही वर्षभर एकमेकांच्या फोनच्या ज्या वेडाला हसलो ते सगळं वाट बघणंच होतं की काय, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. गाजर किसणाऱ्या बाईकडं मी तरी कशाची वाट बघत बसायचो, देव जाणे.

पोळा चार दिवसांवर आला होता. मी पहिली पाळी करून साडेतीनला आलो, तर गोठ्यातनं हंबरणं चाललेलं. हौद कोरडा ठणठणीत. तलाठी हौदाचा तळ चाटत होता, सिमेंटवर जिभेचा नुसता खरखर आवाज. आणि दहा पावलांवर आक्का खाटेवर. फोनमध्ये दुसऱ्यांचे बैल पळत होते. मी बादल्या ओतायला लागलो. तिसऱ्या बादलीला त्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. उठून आल्या, पाणी पिणाऱ्या तलाठ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं बाबा. चुकलं माजं." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात होताच. हातातनं सुटतच नव्हता तो, त्याला त्या काय करणार? मला तरी कुठं सुटला होता?

"हे पाप आपलं आहे," मी आठ नंबरला म्हटलं. "आपणच फेडायचं."

खांदेमळणीच्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. बैल कालव्यावर नेऊन धुतले, शिंगं घासली. आक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. इंजिनेर पाचला कॉल करणार होता. आक्कांनी तीन वाजल्यापासनं फोन तांब्याला टेकवून समोर ठेवलेला. लोण्याची वाटी शेजारी तयार. पाच वाजले. साडेपाच झाले. सहाला बैल पाय बदलायला लागले.

"आक्का, उजेड जाईल."

"थांबा जरा. त्यो बगणार हाय."

साडेसहा झाले. आक्कांची मान खाली, खाली, आणखी खाली. मग मीच वाटी उचलली. तलाठ्याचा खांदा मळला, सर्कलचा मळला. आवतण मात्र दिलं नाही, तो मान त्यांचा. वाटीत उरलेलं लोणी घेऊन खाटेमागं जाऊन उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं आणि त्यांच्या मानेवर अंगठा दाबला.

"आयायाई!"

"सुजलाय," मी म्हटलं. "किती तास वढता?"

आठ नंबर गोठ्याच्या मागं पळाला. त्याला वाटलं, आता काठी येणार. मलाही तसंच वाटत होतं. आक्कांनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की वाटी हातातनं पडायची राहिली.

"मी काय बैल हाय व्हय रं?"

"तुमीच म्हणला होता. ज्याची मान वाकली त्यो बैल."

त्या बघत राहिल्या. मग ओठाचा एक कोपरा हलला. मग खांदे हलायला लागले, आणि हसतायत का रडतायत ते कळेना; दोन्ही चाललेलं. पदर मानेवरनं बाजूला करून त्यांनी डोकं पुढं वाकवलं. मी हळद-लोणी चोळलं. आयुष्यभर ओझी वाहिलेली मान ती, दगडासारखी. कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आक्कांनी पदर सावरला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न हून आले तवापासनं पोळा करतीय. लोण्यात हात माजाच. सगळ्यांस्नी मीच म्हणायची जेवाय या. मला आवतण कुणी दिलं न्हवतं रं, सात नंबर."

आणि तेव्हा फोन वाजला. तांब्याला टेकलेला, इंजिनेरचा फोटो वर. आक्का उठल्या. माझ्या हातातनं वाटी घेतली आणि फोनच्या शेजारनं पुढं निघून थेट गोठ्यात गेल्या. "घे की," मला म्हणाल्या, "वाजतोय न्हवं."

मी घेतला आणि फोन गोठ्याकडं धरला. इंजिनेर म्हणाला, "सॉरी आई, मीटिंग लांबली. दाखव ना. झाली का खांदेमळणी?" आक्का त्याच्याकडं पाठ करून तलाठ्याच्या कानाशी आवतण देत होत्या. मग सर्कलच्या. ते ऐकून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, लहान पोरासारखा म्हणाला, "आई, मला पण दे ना आवतण."

"न्हाय," आक्का बैलाच्या पाठीआडनंच म्हणाल्या. "आवतण खांद्याला लोनी लावून देत्यात. त्या काचंला कुठं लावू? आवतण पायजे आसंल तर खांदा घीऊन ये."

"आई, सुट्टी..."

"ठेव रं, सात नंबर. बैलांची वैरण व्हायचीय."

मी ठेवला. आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसाचा फोन मी कधी मधेच कापला नव्हता. आक्कांनी आपला फोन माझ्याकडनं घेतला, पुसला आणि रिकाम्या गव्हाणीत नेऊन ठेवला. आम्ही न सांगता आपापले त्याच्या शेजारी ठेवले.

आता मी लोणी देवकरला असतो. खोली बरी आहे, मालक भाड्याशिवाय कशाचं काही विचारत नाही. संध्याकाळी आईला मी आपणहून फोन करतो, आणि त्यानंतर फोन तांदळाच्या डब्यावर ठेवतो. रोज जमतं असं नाही. जमलं नाही की मान दुखते आणि मला तो अंगठा आठवतो.

पण त्या पोळ्याचं राहिलं. दुपारी बाराला बैलांना पोळीचा घास देऊन झाला होता, आम्ही दहा जण पंगतीला बसत होतो, तेवढ्यात गेटाशी गाडी थांबली. इंजिनेर उतरला. सकाळी नऊला निघालो म्हणाला, पण डोळ्यांवरनं झोप झालेली दिसत नव्हती. सरळ आईसमोर आला आणि शर्टाचं वरचं बटण काढून मान वाकवली. पांढरा शर्ट होता.

"आवतण काल असतंय," आक्का म्हणाल्या. "आज नुसतं जेवाण."

"मग?"

"मग काय? बिनआवतणाचा जेव." असं म्हणत त्यांनी वाटीच्या तळाशी उरलेलं लोणी दोन बोटांवर घेतलं आणि त्याच्या मानेला फासलं. कॉलर पिवळीधमक झाली. त्यानं शर्टाकडं बघितलंसुद्धा नाही. खिशातनं दोन्ही फोन काढून गव्हाणीत ठेवून आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. सर्कलनं तिकडं मान लांब केली, ते मी बघितलं, पण मी कशाला बोलू?

पहिली पोळी त्यानं दुधात बुडवली. दुसरी आईनं वाढली, तिसरी तो 'नको' म्हणायच्या आत पडली. तो सांगत होता, लहानपणी बैलाच्या पायात पडून कपाळ फुटलं होतं त्याबद्दल, आणि आक्का वाढता वाढता त्याचं कपाळ बघत होत्या. तेवढ्यात गव्हाणीत फोन वाजला. अकरा हात उठले. दहा आमचे, एक त्याचा.

फोन आक्कांचा होता. मी उठायला लागलो.

"बस खाली," आक्का म्हणाल्या आणि त्याच्या पोळीवर तुपाची धार सोडली. "वाजू दे. ज्याच्यासाठी ठेवला हुता, त्यो जेवतोय."